पत्र्याच्या थेटराचे मालक

"बसा, सुरूच होतंय आत्ता," असं म्हणून ते समोरच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि त्याला खाली दाबायचे. खांदा दाबला की माणूस बसतोच. मीही बसलो. तास उलटून गेला तरी स्टेजवर एका कोंबडीखेरीज कोणी आलं नव्हतं. चौकशी केली तेव्हा कळलं, की तमाशाचा फड अजून चाकणहून निघायचा होता.

मी तेव्हा चिंचवडला नवा होतो. कऱ्हाडकडून नोकरीसाठी आलेला, नव्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून. गावात भाड्याची एक खोली आणि खोलीला लागून पिठाची गिरणी. त्यामुळे रविवार कुठे काढायचा हा प्रश्नच असायचा. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक पत्र्याची शेड दिसली, आत ढोलकी टांगलेली दिसली, म्हणून डोकावलो. पुढची काही वर्षं माझे सगळे रविवार तिथेच गेले.

त्यांचं नाव सांगत नाही. सगळं गाव त्यांना मालक म्हणायचं. त्यांची बायकोही मालकच म्हणायची, पण तिच्या तोंडी तो शब्द आला की त्यात मालकी फारशी उरत नसे.

कारखान्यासाठी गावच्या जमिनी गेल्या आणि लोकांच्या हातात एकदम पैसा आला, तेव्हाची ही गोष्ट. कोणी विहीर बांधली, कोणी ट्रक घेतला, एकाने दुसरं लग्न केलं. मालकांनी थेटर बांधलं. आधी त्यांच्याच शेतातल्या खळ्यावर जत्रेला फड उतरायचे. खळं गेलं, तिथे कारखान्याची भिंत आली.

"जमीन गेली ती गेली," ते म्हणायचे. "पर गाण्याला बसाया जागा नगं? ते काय कारखान्यात राहील?"

घरासाठी म्हणून आणलेल्या विटांचा स्टेज झाला. दारं-खिडक्यांसाठीचं लाकूड वासे म्हणून वर गेलं. स्टेजच्या मागे दोन खोल्या काढून तिथे नवरा-बायको राहू लागले. मालकांच्या बायकोची, म्हणजे आमच्या वहिनींची, चूल सोंगाड्याच्या कपड्यांच्या पेटीशेजारी होती. "बायका इचारतात, घर किती खणांचं बांधलं," त्या मला म्हणाल्या. "मी सांगते, तीनशे मानसं बसतात, पर मला पाय पसराया जागा न्हाई."

ते थेटर तुम्ही पाहायला हवं होतं. भिंती म्हणजे गोणपाट. उन्हाळ्यात पत्रा तापतो म्हणून वर कडब्याच्या पेंढ्या टाकलेल्या, आणि छप्पर एका बाजूला इतकं खाली उतरलेलं की रस्त्याने जाणारे बैल मान वर करून ते खायचे. प्रयोग रंगात आला की वर खसखस आवाज यायचा. मालक मग उठून बाहेर जायचे आणि बैलाला समजावल्यासारखं काहीतरी बोलून परत यायचे.

विजेचा पत्ता नव्हता, म्हणून खेळ रविवारी दुपारी. आणि दुपारीच मालगाड्या जायच्या. गाडी आली की गाणारी बाई तोंड उघडं ठेवून थांबायची. मालकांनी एकदा स्टेशनमास्तरांकडे जाऊन विनंती केली. मला साक्षीदार म्हणून नेलं होतं.

"सायब, गवळणीच्या वख्ताला तेवढी शिट्टी नगं."

"मालगाडी तुमच्या गवळणीवर चालत नाही," स्टेशनमास्तर म्हणाले.

"मग आमची गवळण तुमच्या मालगाडीवर चालवतो. गाडी कवा येती तेवढं सांगा."

स्टेशनमास्तरांनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "ते मलाही माहीत नसतं." या उत्तरावर मालक फार खूश झाले. सरकारातही आपल्यासारखीच माणसं आहेत, असं ते परतीच्या वाटेवर म्हणाले.

एवढ्या गाणंवेड्या माणसाला देवाने सूर मात्र अजिबात दिला नव्हता. ते आनंदाच्या भरात सोबत गायला लागले की ढोलकीवाल्याचा हात चुके. खेडच्या बाजूचा एक फड होता. त्याची म्होरकी बाई वयस्कर आणि स्पष्ट बोलणारी. तिने सांगून टाकलं होतं, "मालक गाणार नसतील तर येतो." मालकांनी ते मान्य केलं आणि पाळलंही. फक्त ओठ हलवायचे.

पहिलं संकट आलं ते फिरत्या सिनेमाचं. पुण्याचा एक टूरिंग टॉकीजवाला शेड बघून गेला. वीज माझ्या इंजिनावर करतो, रोज पिक्चर दाखवतो, रोज भाडं देतो म्हणाला. वहिनींना घर दिसू लागलं. मालकांनी होकाराची मान हलवली.

पहिल्याच संध्याकाळी मी त्यांच्या शेजारी होतो. पडद्यावरच्या बाईने झोपाळ्यावर बसून एक गाणं म्हटलं. मालक ताठ बसून ऐकत होते. गाणं संपलं तशी त्यांनी आरोळी दिली, "वन्स मोअर." लोकांनीही साथ दिली. पडद्यावर बाई झोपाळ्यावरून उतरून चालू लागली.

मालक उठून मशीनवाल्याकडे गेले. "लोक वन्स मोअर म्हणतायत."

"मालक, हे परत होत नसतं."

"का? बाई दमली?"

"बाई नाही हो, रीळ आहे."

"मग रिळाला सांगा."

दुसऱ्या दिवशी तोच खेळ त्यांनी पुन्हा पाहिला. नंतर बाहेर विडी ओढत बसले. मी विचारलं, आवडलं नाही का?

"गाते झ्याक," ते म्हणाले. "पर काल म्हणाली तसंच आज म्हणाली. केसभर इकडंतिकडं न्हाई. मी हितं बसलोय का उठून गेलोय, तिला पत्ताच न्हाई, भाऊसायब."

आठवड्याच्या आत मालकांनी टॉकीजवाल्याला सामान भरून परत पाठवलं. पुढे कित्येक महिने वहिनी मालकांशी फक्त थेटरातच मुक्कामाला असलेल्या ढोलकीवाल्यामार्फत बोलत होत्या. "त्यांना म्हणावं, भाकरी झालीय," असं त्या म्हणायच्या आणि मालक त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसलेले असायचे. ढोलकीवाला निरोप जसाच्या तसा पोचवायचा.

दुसरं संकट मोठं होतं. रस्त्यापलीकडे कारखान्याची कॉलनी उभी राहिली. तिथे सातारा, रत्नागिरी, नागपूर, कुठकुठली शिकलेली कुटुंबं राहायला आली. दारादारावर पाट्या, अंगणात तुळस, आणि समोर हे गोणपाटाचं थेटर. हिशेब खात्यातल्या एका साहेबांनी अर्ज लिहिला की या जागी हलकी गाणी चालतात, घरंदाज वस्तीला हे शोभत नाही, परवाना पुन्हा देऊ नये. पुष्कळ सह्या झाल्या. माझ्याकडेही कागद आला होता. मी पेन सापडत नाही म्हणालो. ते माझ्या खिशालाच होतं.

कचेरीतून कळवण्यात आलं की अधिकारी कधीतरी येऊन पाहतील आणि मग ठरवतील.

"आपण भारी गाणं ठेवू," मालक म्हणाले. पुण्याहून एका बुवांना बोलावलं. शास्त्रोक्त गाणारे. कॉलनीकडून खुर्च्या आणल्या, साहेब मंडळी पुढे बसली, मागे सतरंजीवर नेहमीची शेतकरी आणि कामगार मंडळी. बुवांनी डोळे मिटून सूर लावला. सूर पुढे जाईना आणि मागे येईना. बराच वेळ झाल्यावर मागून एक म्हातारा अदबीने म्हणाला, "बुवा, गाणं कवा व्हायचं?"

मालक तातडीने वळून म्हणाले, "बसा, सुरूच होतंय आत्ता."

बुवांनी डोळे उघडले. हे आपल्या गाण्याबद्दल चाललं आहे हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण नंतरचं सगळं त्यांनी फार भराभर म्हटलं. त्यातच वर बैल कडब्याला लागला. साहेब मंडळी रुमाल नाकाला लावून गेली, आणि अशा गलिच्छ जागी रागदारीची विटंबना होते अशी एक ओळ अर्जात वाढली.

त्यानंतरचा रविवार थेटर रिकामं राहिलं. परवान्याचं काय होतं कोण जाणे म्हणून फड यायला कचरत होते. मालक स्टेजच्या कडेला एकटेच बसले होते. मी जवळ गेलो. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. मी आपणहून बसलो. ते म्हणाले, "हिचं घर झालं असतं की वो यात." एवढंच. गोणपाटापलीकडे वहिनी धारा काढायला निघाल्या होत्या. त्या क्षणभर थांबल्या आणि पुढे गेल्या.

वहिनींच्या दोन म्हशी होत्या आणि त्या कॉलनीत दूध घालायच्या. म्हणजे प्रत्येक स्वयंपाकघरात त्यांचा पाय होता. दुसऱ्याच दिवशी दूध मापताना त्यांनी बोलणं काढलं. बायका मोकळ्या झाल्या. क्वार्टर लहान, भिंती पातळ. एकीने भजनाला टाळ घेतले की शेजारून कोणाचा तरी नवरा भिंत ठोकायचा, रात्रपाळी करून झोपलोय म्हणून. माहेरी मंगळागौरीला अंगण दणाणून सोडणाऱ्या बायका, इथे आल्यापासून मोठ्याने गायल्याच नव्हत्या.

"आमचं थेटर रिकामंच पडलंय," वहिनी म्हणाल्या. "मंगळवारी दुपारी या. पुरुषमाणूस आत येनार न्हाई, ही माझी जबाबदारी."

पुरुषमाणसात मालकही आले. पहिल्या मंगळवारी मला रात्रपाळी होती म्हणून दुपारी मोकळा होतो. जाऊन पाहतो तर मालक बाहेर उन्हात उभे. आत झिम्मा, फुगड्या, गाणी, नुसता धुमाकूळ. "भाऊसायब, आपलंच थेटर, आन् आपल्यालाच बंदी," ते म्हणाले. तोंडावर मात्र हसू मावत नव्हतं. नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी बाजूच्या पत्र्याला कान लावला. पत्रा दुपारभर तापलेला. संध्याकाळी वहिनींनी त्या कानाला लोणी लावलं आणि ते लावताना त्या त्यांच्याशी ढोलकीवाल्याशिवाय बोलल्या.

मंगळवारची गर्दी वाढत गेली. अधिकारी आले तेही मंगळवारीच, न कळवता. सोबत जागा दाखवायला अर्जवाले हिशेबाचे साहेब. मी आणि मालक दारातच होतो. आत बायका आपापल्या नवऱ्यांवर गाणी रचून म्हणत होत्या. एक खणखणीत आवाज वर चढला,

"आमटीत मिठाचा खडा बाई कमी पडला,
घरधन्यानं माझ्या कचेरीला अर्ज धाडला."

त्यावर आत जो हशा उसळला, त्याने वरचा कडबा हलला असेल. अधिकाऱ्यांनी भुवया उंचावल्या. "हीच का ती हलकी गाणी?"

 हिशेबाच्या साहेबांनी आवाज ओळखला होता.

"कोण गातंय हे?" अधिकाऱ्यांनी मालकांना विचारलं.

"काय की, सायब," मालक शांतपणे म्हणाले. "आत पुरुषांना बंदी हाय. न्हाईतर बघून सांगितलं असतं."

साहेब जमिनीकडे पाहत म्हणाले, "आमच्या घरची मंडळी असावीत." अधिकाऱ्यांनी वहिनींच्या हातचा चहा घेतला, चहाबरोबर आणखी चार गाणी ऐकली आणि गेले. परवाना मिळाला. साहेब पुढे वाईट वागले नाहीत, हेही सांगायला हवं. गोणपाट जाऊन चांगल्या तट्ट्याच्या भिंती आल्या, त्यासाठी त्यांनीच कॉलनीत वर्गणी गोळा केली.

मग तिथे कोणीही गाऊ लागलं. पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीतले एक म्हातारे सिंधी गृहस्थ यायचे. आपल्या भाषेत काहीतरी लांबलचक गायचे आणि रडायचे. मी मालकांना विचारलं, कळतं का काही?

"न्हाई," ते म्हणाले. "पर त्याला त्याचं गाव आठवतंय, येवढं कळतं. आपलं तर गाव हितंच हाय, तरी मला आठवाया लागतं."

मालक गेले ते दोन-तीन दिवसांच्या तापाने, एका रविवारी सकाळी. त्या दुपारी खेडचा फड यायचा होता. निरोप पाठवायला सवड झालीच नाही. आम्ही तिरडी उचलणार तेवढ्यात त्यांची लॉरी दारात येऊन उभी राहिली. म्होरकी बाई उतरली, समोर पाहिलं आणि मागच्या मागे हात करून सगळ्यांना गाडीतच थांबायला सांगितलं.

वहिनी तिच्याजवळ गेल्या. डोळे कोरडे होते. म्हणाल्या, "मानसं नदीवरून येतील तंवर साज जुळवून ठेवा."

पवनेवरून आंघोळी करून आम्ही ओल्या डोक्यांनी परतलो, तेव्हा शेडमधून ढोलकी चढवल्याचा आवाज येत होता. तसेच आत जाऊन बसलो. कॉलनीच्या बायका कडेने उभ्या होत्या. रविवारी त्या तिथे पहिल्यांदाच आल्या होत्या. म्होरक्या बाईने पुरा खेळ केला नाही, फक्त सुरुवातीचा गण म्हटला. तो संपला तेव्हा बाहेर अजून ऊन होतं.

वहिनींनी विचारलं, "फुडल्या रविवारी त्यांनी कुणाला बोलवून ठेवलंय, ठावं हाय का?"

कोणालाच ठाऊक नव्हतं. ते सगळं त्यांच्या डोक्यात असायचं.

बाई तुणतुणं खाली ठेवत म्हणाली, "कुणी न्हाई आलं तर आमी हावोत."

पुढच्या रविवारी दोन फड आले. वहिनींनी दोघांनाही पिठलं-भाकरी वाढली, आणि आधी कोणी गायचं यावरून दोन्ही फडांचं जे भांडण जुंपलं, ते रस्त्यापलीकडे कॉलनीपर्यंत ऐकू गेलं.