घरचं बोलणं फळ्यावर

मी गणिताचा शिक्षक. मुखेड तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत मराठीची जागा रिकामी पडली आणि आठवीचे मराठीचे तास माझ्या गळ्यात आले. संवादलेखन मी कंसासारखंच शिकवलं. उघडलेलं अवतरणचिन्ह बंद झालंच पाहिजे. नवा माणूस बोलला की नवी ओळ. आणि चिन्हाच्या आत माणूस जे बोलला तेवढंच. आपल्या मनचं एक अक्षर घालायचं नाही. पाच मार्क ठेवले, प्रत्येक चुकीला एक वजा. पहिल्या खेपेला बहुतेकांना शून्य आलं. चिन्हं चुकलीच, शिवाय सगळ्यांच्या घरची माणसं पाठ्यपुस्तकासारखी बोलत होती. एकाची आजी म्हणत होती, "बाळा, तू अभ्यास करावास अशी माझी इच्छा आहे." अशी आजी या तालुक्यात मला तरी भेटलेली नाही.

म्हणून मी गृहपाठ दिला: घरी जेवताना जे बोलणं होईल, त्यातलं थोडं जसंच्या तसं लिहून आणा.

दुसऱ्या दिवशी एकेकाला फळ्यावर लिहायला लावलं. एक हुशार, कमी बोलणारी मुलगी उठली. तिचे वडील गावात खता-बियाण्यांचं दुकान चालवतात आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आहेत. तिने लिहिलं:

पप्पा म्हणाले, "गणिताचा मास्तर मराठी शिकवायलाय. एसटीचा हॉर्न वाजला की ह्याचं पुस्तक मिटतंय. असल्याला पगार कशाचा द्यायलेत?"

आई म्हणाली, "हळू बोला, पोरगी ऐकायलीय."

मागच्या बाकावरून खिदळणं सुरू झालं. मला राग आला. मी मुखेडहून जाऊन-येऊन करतो हे खरं. शाळा सुटण्याआधी कधी एसटी धरली नाही, हेही खरं. पण फळ्यावरची एकही खूण चुकलेली नव्हती. मी खाली पाच लिहिले.

तेवढ्यात मुख्याध्यापक मोबाइल घेऊन आले. फोटो काढल्याशिवाय उपक्रम झाला असं आमच्याकडे कुणी धरत नाही. त्यांनी फळ्याचा फोटो काढला आणि न वाचताच पालकांच्या ग्रुपवर टाकला. वर 'संवादलेखनाचा अभिनव उपक्रम' असंही लिहिलं.

मधली सुट्टी व्हायच्या आत अध्यक्ष कार्यालयात हजर. मला आणि मुलीला बोलावणं आलं.

"गुरुजी, हे काय शिकवायलाव तुम्ही? घरातल्या चुगल्या?"

"संवाद."

"मी असलं काई बोललोच न्हाई. पोरीनं मनानं लिहिलंय." मग ते तिच्याकडे वळले. "सांग की गं. मनानं लिहिलं म्हणून सांग सरांना."

तिने ओठ घट्ट मिटले.

"सांगून टाक बाळा, विषय संपला," मुख्याध्यापक म्हणाले. "आणि सर, तुम्हीही ते पाच मार्क खोडा. कशाला वाढवता?"

ती हो म्हणाली असती, तर गावात खोटारडी ठरली असती. नाही म्हणाली असती, तर घरी काय झालं असतं मला माहीत नाही. मला दिलेल्या शिवीपेक्षा पोरीला असं कोंडीत धरणं मला जास्त नीच वाटलं.

"तिला विचारू नका," मी म्हणालो. "तुम्ही सांगा. हे शब्द तुमचे नसतील तर मी आत्ता शून्य देतो. न बोललेलं अवतरणात चालत नाही. 'माझी पोरगी खोटी आहे', एवढं तुमच्या तोंडानं म्हणा."

"मला कायदा शिकवता?"

"मराठी शिकवतोय. तुमची तक्रार तीच होती ना?"

मुख्याध्यापक घाईने म्हणाले, "साहेब, चहा सांगू का?"

"ह्यांना पाजा. एसटीला टाइम हाय अजून."

अध्यक्षांनी मुलीकडे पाहिलं. ती फरशीकडे पाहत होती. शेवटी ते म्हणाले, "म्हणलो. मीच म्हणलो. आन् तोंडावर बी म्हणतो, तुमच्यासारख्याला पगार देणं पाप हाय."

"मग पाच कायम."

"चुलीत घाला तुमचे पाच."

शाळा समितीच्या पुढच्या सभेत त्यांनी माझ्याविरुद्ध ठराव आणला: शिक्षक मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावात, राहत नाहीत. शाळेतले आम्ही पाचही जण राहत नाही, ठरावात नाव माझं एकट्याचं. पंचायत समितीला खुलासा द्यावा लागला. मुख्याध्यापकांनी त्यावर सही करताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अध्यक्षांना मी आजही नमस्कार करत नाही, आणि त्याचं मला दुःख नाही.

पुढच्या गृहपाठाला त्या मुलीने कावळा-चिमणीचा संवाद आणला. चिन्हं सगळी बरोबर होती.

"घरचं का नाही लिहिलंस?" मी विचारलं.

"घरी आता काई बोलतच न्हाईत, सर. मी ताटावर बसले की टीव्ही लावतेत."

"आईसुद्धा?"

"आई तर पहिली लावते."

मी मार्क दिले, वही परत केली आणि पुढच्या मुलाला हाक मारली.