सोमवारची गोळी

अमेरिकेत, बेलव्ह्यूला मुलाकडे आलो ते दसरा झाल्यावर. दिवाळीनंतर सूर्य जो गेला, तो गेलाच बघा. सकाळी दिवे लावून चहा करायचा, दुपारच्या चहाला पुन्हा दिवे. पाऊस तरी धड पडावा, तर तोही नुसता ठिबकतो. नागपूरच्या माणसाला असलं आभाळ म्हणजे शिक्षाच. आमचे हे खिडकीपाशी खुर्चीत बसले ते बसलेच. आधी पाय दुखायचे, मग मांड्यांतला जोरच गेला. उठायचं तर मी बगलेत हात घालायचा.

डॉक्टरनं रक्त तपासलं. म्हणाला, व्हिटॅमिन डी अगदी तळाला गेलंय. "नागपुरात ऊन फुकट होतं, तेव्हा छत्री घेऊन फिरलो," हे म्हणाले. तेवढं तरी हसले.

गोळी आठवड्यातून एक. विसरायला नको म्हणून मीच सोमवार ठरवला. ह्यांचा सोमवार लग्नाआधीपासूनचा, कडकडीत. दिवसभर नुसता कोरा चहा, संध्याकाळी पूजा करून सोडायचा. सकाळी आंघोळ करून शंकराला हात जोडले की मी गोळी हातावर ठेवायची. प्रसादासारखी घ्यायचे.

थंडी सरत आली तेव्हा परत रक्त तपासलं. आकडा जेमतेम हललेला. डॉक्टरनं काहीतरी विचारलं, तशी सून माझ्याकडे वळली.

"आई, गोळी जेवणाबरोबर देता ना? तेलातुपाशिवाय ती नीट अंगी लागत नाही म्हणतायत."

"सोमवारी देते ग."

"सोमवारी? सोमवारी तर बाबा काही खातच नाहीत!"

हे म्हणाले, "घ्या! महादेवानंच खाल्ल्या सगळ्या."

गोळी मंगळवारावर गेली, वरणभात आणि वर तूप. पण डॉक्टर म्हणाला, नुसत्या गोळीनं जोर येत नाही, चालवा त्यांना. आणि हे चालेनात. नागपूरचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिना चढता आला तरच तिकीट काढीन, असं मुलानं स्पष्टच सांगितलेलं. ह्यांना तर घरी जायचंय, दुसरं काही मागतच नाहीत. मी म्हणते, "अहो, दारापर्यंत तरी चला." "उद्या." रोज आपलं उद्या.

परवा बाथरूमच्या दाराशी पाय गेला आणि खालीच बसले. लागलं नाही, पण उठता येईना. घरात आम्ही दोघंच. मी ओढलं, स्टूल दिलं, मागून कवळ घातली. माझेच गुडघे बोलायला लागले. मुलाला फोन केला. "आई, निघालोच. अॅम्ब्युलन्स बोलावू का?"

"काही नको!" हे खालूनच ओरडले.

मग मीही शेजारी बसले, भिंतीला टेकून.

"तू जा परत," हे म्हणाले. "तुला चढता येतो जिना."

"काहीतरीच बोलू नका."

"मग दोघांनी इथे सडायचं?"

त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि चोळत बसले. पोटरी म्हणून हाताला काही लागेना, नुसतं कातडं. म्हटलं, "अंगठा हलवा बघू." त्यांनी हलवला. "आता दुसरा." तोही हलवला.

"बास? आता जिना चढू?" म्हणाले, आणि रडायलाच लागले. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं हो. त्यांची आई गेली तेव्हासुद्धा नाही.

गॅरेजचं दार वर जाताना वाजलं. ह्यांनी घाईनं बाहीला डोळे पुसले, माझा हात घट्ट धरला.

"त्याला सांग, मी अर्धा उठलो होतो."