बन्सीशेठच्या नावाचं पाणी

अख्तरीभाभीचा राग गावात तिच्या सोड्याइतकाच प्रसिद्ध होता. दोघांच्याही तोंडाशी गोळी बसवलेली. फरक एवढाच, की सोड्याची गोळी खाली ढकलायला अंगठा लागायचा आणि भाभीची गोळी नुसत्या एका वाकड्या शब्दानं खाली जायची. मग जो फेस उसळायचा तो समोरच्याच्या सदऱ्यावर.

नगरहून मिरजगावकडं निघालं की सडकेला एक नगरपालिकेचं गाव लागायचं. नाव कशाला घ्या, माणसं अजून हयात आहेत. तिथल्या तेलाच्या घाणीच्या गल्लीत तिचा सोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं आपलं! पत्र्याची एक खोली, ग्यासची टाकी, बाटल्या फिरवायचं चाक आणि दारात नळ. त्या गावात विहिरीचं पाणी असं खारं, की डाळ शिजेना आणि साबणाला फेस येईना. गोड पाणी फक्त नळाला. म्हणजे भाभीचा धंदा ग्यासवर कमी आणि नळावर जास्त चालायचा.

आणि तो नळ तिनं लढून मिळवला होता. नवरा नियाज गेल्यावर तिनं नळ आपल्या नावावर करून मागितला. तेव्हा नगरपालिकेत बन्सीशेठ मेंबर. त्याची तेलाची घाणी याच गल्लीत. भर सभेत तो म्हणाला, "बाईच्या नावानं नळ? उद्या रस्ता मागंल नावावर!" सभा पोट धरधरून हसली. दुसऱ्या दिवसापासून भाभी रिकाम्या बाटल्यांचा क्रेट घेऊन कचेरीच्या दारात बसायला लागली. भांडण नाही, तंडण नाही. नुसता क्रेट हलवायची. आत सभा चाललेली आणि बाहेर खळ्ळ खळ्ळ. कंटाळून पालिकेनं नाव लावलं: अख्तरी नियाज. त्या दिवशी तिनं अख्ख्या गल्लीला फुकट सोडा पाजला. एक बन्सीशेठ सोडून. पुढं बन्सीशेठ वारला, पोरं नगरला गेली, घाणीला कुलूप लागलं. भाभी मयतीला गेली होती, खोटं कशाला बोला. पण जाताना ज्या ऐटीत गेली, ती बघून लोकांनी एकमेकांना कोपरं मारली.

आता मीटरांची गंमत ऐका. नळाच्या गोड पाण्यातही क्षार थोडेफार असायचेच, त्यामुळं मीटरं अडकायची. अडकलेलं मीटर दुरुस्तीला नगरला पाठवलं की ते माहेरी गेलेल्या रुसक्या सुनेसारखं. येईल तेव्हा खरं. मग नळाचा फिटर कानिफनाथ काय करायचा? ज्या घरात तेवढ्यापुरतं पाणी वापरात नाही, तिथलं चालतं मीटर काढून जिथं नड आहे तिथं बसवायचा. शेजारच्या मालनबाईचं मीटर शिंप्याकडं, शिंप्याचं न्हाव्याकडं, न्हाव्याचं देवळाच्या पुजाऱ्याकडं, आणि पुजाऱ्याचं फिरून मालनबाईकडं. कोणाची तक्रार नाही. भाभीचं मीटर अडकलं, तेव्हा त्यानं बन्सीशेठच्या बंद घाणीचं मीटर आणून तिच्या दारात बसवलं. भाभीला ते ठाऊक होतं. म्हणाली, "बसव. जित्तेपनी काय दिलं न्हाई मेल्यानं, आता तरी देऊ दे."

कागदावर मात्र यातलं काही चढायचं नाही. त्याचं कारण कागदात नव्हतं, लग्नात होतं. पाण्याच्या टाकीवरच्या हापिसात मीटरांचं पुस्तक असायचं, ते गहिनीनाथतात्यांकडं. कचेरीत नळवाल्यांच्या नावांचं पुस्तक, ते रंगनाथरावांकडं. हे दोघे एकमेकांचे व्याही. रंगनाथरावांची मुलगी तात्यांच्या घरात दिलेली. लग्नात नवऱ्यामुलाच्या मामाला जरीचा फेटा बांधला आणि तात्यांना साधा. झालं! तेव्हापासून टाकीनं कचेरीशी बोलायचं सोडलं. कोणाचं मीटर कुठं गेलं, हे एका पुस्तकातून दुसऱ्यात जायचं ते व्याह्यांच्या तोंडून; आणि तोंडं तर बंद.

बहात्तर साल उजाडलं. पावसानं आदल्या वर्षीच दगा दिलेला, तलाव तळाला लागलेला. कचेरीत नवीन साहेब आले, पुण्याचे. तरतरीत, बुशशर्टात पेन. त्यांनी ठरवलं, चोरून जोडलेले नळ शोधून तोडायचे. दोन्ही पुस्तकं त्यांनी पुण्याला एका यंत्रवाल्यांकडं पाठवली. तिथं म्हणे जाड कार्डांना भोकं पाडतात आणि यंत्र ती भोकं बघून मीटराला माणूस जुळवून देतं. मालनबाईनं ऐकलं आणि म्हणाली, "आमच्या लग्नाला बी हेच यंत्र लावलं हुतं वाटतं." नवरा तिच्या शेजारीच उभा होता.

महिन्याभरात पुस्तकं परत आली, यंत्राची यादी आली आणि यादीबरहुकूम पत्र्याचे बिल्ले रंगवून आले. बिल्ल्यावर नाव आणि मीटरचा नंबर. दवंडी पिटली: शुक्रवारच्या बाजारापर्यंत ज्याच्या दारावर बिल्ला नसेल त्याचा नळ तोडला जाईल.

शिपायानं मीटराचे नंबर बघत दारोदार बिल्ले वाटले. घाणीच्या गल्लीत हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. शिंप्याच्या दारात मालनबाई, न्हाव्याच्या दारात शिंपी, पुजाऱ्याच्या दारात न्हावी, आणि मालनबाईच्या दारात पुजारी. पण गल्ली शहाणी. संध्याकाळी सगळे ओट्यावर जमले आणि हळदीकुंकवाच्या वाणासारखी बिल्ल्यांची देवाणघेवाण झाली. "तुझा माझ्याकडं, माझा कुणाकडं?" असं करत अर्ध्या घटकेत ज्याचं नाव त्याच्या दारावर. पुण्याच्या यंत्राला जमलं नाही ते ओट्यानं केलं. उरली एक अख्तरीभाभी.

तिच्या दारात आलेल्या बिल्ल्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलेलं: बन्सीशेठ. आणि अख्तरी नियाज नावाचा बिल्ला सबंध गावात कुणाकडंच नव्हता. तिचं जुनं मीटर नादुरुस्त म्हणून जमा. मीटर नाही म्हणजे नळ नाही, आणि नळ नाही म्हणजे बाईच नाही, असा यंत्राचा हिशेब.

"कानिफा, मेल्या, हे काय हाय?"

कानिफनाथ डोकं खाजवत म्हणाला, "भाभी, ठोका की दारावर. पानी काय नाव बघून येतंय व्हय?"

"तुझ्या दारावर तुझ्या दुश्मनाचं नाव ठोकू का? ठोकू?"

भाभी तो बिल्ला चिमटीत धरून, मेलेला उंदीर धरावा तसा, कचेरीत घेऊन गेली. रंगनाथरावांनी चष्मा वर केला, खाली केला.

"अख्तरीबाई, सोपं आहे. बन्सीशेठची भाडेकरू म्हणून सही करा. नळ चालू राहील."

"भाडेकरू? माज्या जाग्यात मी त्या मुर्द्याची भाडेकरू?"

"कागदापुरतं हो."

"रंगनाथराव, कागदापुरतं उद्या तुमाला कोनी तुमच्या व्याह्याचा नोकर लिवलं, तर कराल सही?"

रंगनाथरावांचा चेहरा असा झाला, की शिपाई खिडकीकडं तोंड करून हसला.

साहेब आतून आले. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, की यंत्राला नातं नाही, गोतं नाही, त्यामुळं त्याची चूक होत नाही.

"साहेब," भाभी म्हणाली, "मी तुमच्या म्होरं हुबी हाय. बन्सीशेठला मसनवाट्यात घालून जमाना झाला. आमच्या दोघांत पानी कोन पितंय, हे बगायला यंत्र कशाला पायजे?"

"दोन्ही पुस्तकं जुळली तर बघू," साहेब म्हणाले. त्यांना वाटलं, पीडा टळली.

पण भाभी ती. रविवारी तिनं दोन्ही व्याह्यांना आपल्या दारातल्या बाकावर आणून बसवलं. कसं आणलं ते विचारू नका. एकाच्या लेकीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या सुनेच्या, बाळंतपणात रात्रीबेरात्री मदतीला कोण धावलं होतं, याची आठवण दिली म्हणतात. दोघं पाठीला पाठ लावून बसले, आपापलं पुस्तक मांडीवर घेऊन.

तात्या आभाळाकडं बघत म्हणाले, "अख्तरीबाई, त्यांना सांगा, घाणीचं मीटर इथं बसवलंय."

रंगनाथराव चाकाकडं बघत म्हणाले, "त्यांना विचारा, मग हे तेव्हाच का कळवलं नाही?"

"त्यांना सांगा, जरीचे फेटे बांधतात त्यांना कळवावं."

"इथं फेटा काढायचा न्हाई!" भाभीनं बाटली आपटली. "माजं नाव काढा!"

शेवटी नाव निघालं. दोन्ही पुस्तकांत दोघांनी लाल शाईनं दुरुस्ती केली, खाली सह्या केल्या, आणि न बोलता दोन दिशांना गेले. सोमवारी भाभी दोन्ही पुस्तकं घेऊन ताठ मानेनं साहेबांपुढं उभी राहिली. साहेबांनी दोन्ही पानं पाहिली. बरोबर आहे, म्हणाले. मान्य आहे, म्हणाले. आणि मग म्हणाले, "पण पुण्यात कार्डांना भोकं पाडून झालीत. आता पुढच्या वर्षी पुस्तकं जातील तेव्हा सुधारणा होईल. तोपर्यंत बन्सीशेठचा बिल्ला लावा."

म्हणजे चूक कळली, चूक मान्य झाली, दोघांनी सह्या केल्या. आणि तरी चूकच खरी! एखाद्यानं गाढवाला घोडा म्हणावं, मग हो गाढवच आहे म्हणावं, आणि वर म्हणावं, बसा आता याच्यावर वर्षभर घोडा म्हणून! भाभी त्या दिवशी ओरडली नाही. तिनं बिल्ला परत चिमटीत उचलला आणि गल्लीची वाट धरली.

गल्लीनं समजावलं. मालनबाई म्हणाली, "अख्तरीबाई, धंदा बगा. उन्हाळा तोंडावर, लग्नसराई. दोन खिळ्यांचा तर प्रश्न हाय. वर फडकं टाका."

"मालनबाई, माज्या नळावर माजं नाव लावाया मी दारात बसले हुते. तवा ह्यो मानूस हसला. आता त्याचं नाव दारावर लावून, रोज सकाळी त्याच्याखाली घागर धरू? मला पानी गोड लागंल का?"

शुक्रवारी कानिफनाथ पान्हा घेऊन आला. बाजारचा दिवस, दारासमोर माणसांची गर्दी. त्यानं पान्हा लावला, काढला, परत लावला.

"भाभी, अजून बी ठोका ना. मी डोळे झाकून निगून जातो."

"तोड."

"मीच बसवला हुता ह्यो."

"म्हनून तूच तोड. आन ते मीटर ने बन्सीशेठच्या घाणीवर. त्याची वस्तू त्याला पोचती कर. माज्या दारात उधारी नको."

मीटर बंद घाणीच्या भिंतीत परत गेलं. तिथं बिल्लाही लागला. म्हणजे त्या टंचाईच्या वर्षात, बायका घागरीला घागर लावून भांडत असताना, कुलपाच्या आत मयत माणसाच्या नावानं गोड पाण्याचा नळ रीतसर मंजूर होता. आणि जी जिवंत होती, ती खोलीमागच्या खाऱ्या विहिरीवर रहाट ओढत होती.

सोडा भाभीनं बंद केला नाही. विहिरीच्याच पाण्याचा केला. लिंबू वाढवलं, साखर वाढवली, पण खारं ते खारंच. लग्नाच्या मांडवात वऱ्हाडी एक घोट घ्यायचे आणि डोळे मिचकावून एकमेकांकडं बघायचे. पण भाभीच्या तोंडावर बोलायची छाती कुणाची? ती समोर उभी राहायची, बाटली पूर्ण संपेपर्यंत.

वैशाखात एका दुपारी साहेब स्वतः आले. टाकी बघून येत होते, घशाला कोरड. बाकावर टेकले. भाभीनं बाटली पुसली, अंगठ्यानं गोळी खाली ढकलली आणि हातात दिली. साहेबांनी मोठा घोट घेतला आणि थांबले.

"बाई, हा खारट कसा?"

"इहिरीचा हाय."

"पण असा कसा विकता तुम्ही?"

"गोडं पानी बन्सीशेठच्या नावावर हाय, साहेब. तुमीच दिलंय. त्याच्याकडं जाऊन मागा. नदीच्या अंगाला, मसनवाट्यात ऱ्हातो."

रस्त्यावरचं कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांना बाटली खाली ठेवता येईना आणि पिताही येईना. भाभी हाताची घडी घालून समोर उभी. शेवटी साहेबांनी डोळे मिटले आणि तो सोडा तळापर्यंत प्याले.