कोन न्हाय आलं?

कामावर पोचल्या पोचल्या गयाबाईनं हातोडा उचललेला मी कधी पाहिला नाही. दुष्काळात वाशीच्या रस्त्यावर खडी फोडायचं काम निघालं होतं, आणि भीमनगरातल्या बायांच्या टोळीची ती म्होरकी. आधी सगळ्यांवर नजर फिरवून विचारायची, "कोन न्हाय आलं? आन् का न्हाय?" मग न आलेलीच्या घरी कुणाला तरी धाडायची, तेव्हा कुठं पदर खोचायची. मुकादम वैतागायचा.

"आलेल्यांचं बघ की!"

"आलेलं दिसतंयच की रं. न आलेलं कोन बगनार?"

बाई तोंडाची फटकळ. मी गावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी, रोज त्याच रस्त्यानं जायचो-यायचो. मला भाऊ म्हणायची, पण सुनावताना नातं विसरायची.

त्या उन्हाळ्यात सोसायटीकडे चारा आला. गयाबाईची तांबडी गाय तर आधाराशिवाय उठत नव्हती. चेअरमननी नियम केला: ज्यांचं दूध सोसायटीत येतं, त्यांनाच चारा. गयाबाई तांबडीला ढकलत घेऊन आली आणि गंजीसमोर फतकल मारून बसली.

"नियम सगळ्यांना सारखा," चेअरमन म्हणाले. "कागदाला जात नसते, गयाबाई."

"कागदाला नसंल. भरनाऱ्याला हाय का न्हाय? क्यान बाटतंय म्हनून आमचं दूध दारातनं परत धाडलं, आन् आता म्हनता, तुमचं दूधच न्हाय!"

चेअरमन मनानं वाईट नव्हते. आपला नियम वाईट असेल, एवढंच त्यांना पटत नव्हतं. शेवटी म्हणाले, "बरं, सेक्रेटरींना घरोघर पाठवतो. घरात दाणे किती, कोण आजारी, कोण काय खातं, सगळं लिहून आणतील. मग ठरवू."

मला वाटलं, बाई आता तरी उठेल. ती आणखीच ताठ झाली.

"चारा गाय खानार हाय. दावनीला या, जनावर बगा. चुलीपाशी तुमचं काय काम?"

दुपारपर्यंत टोळीतल्या सगळ्या बाया येऊन तिच्या शेजारी बसल्या. संध्याकाळी चेअरमन स्वतः भीमनगरात दावणी बघत फिरले. उंबऱ्याच्या आत मात्र गेले नाहीत. चारा मिळाला.

तांबडी जगली. पुढं ती व्याली, तेव्हा गयाबाई भर सकाळी चरवी घेऊन आली, सगळ्यांदेखत दूध क्यानात ओतलं आणि मला म्हणाली, "लिवा आता, भाऊ." मी तिचं नाव लिहिलं. त्या दिवसाइतका अभिमान मला त्या नोकरीचा कधी वाटला नाही.

गयाबाई जाऊन बरीच वर्षं झाली. परवा सोसायटीनं जुना माणूस म्हणून मला बैठकीला बोलावलं. शहरातून एक हुशार मुलगा आला होता. मदत आधी कुणाला द्यायची, हे आता कृत्रिम बुद्धिमत्ता ठरवणार म्हणे. सोसायटीच्या जुन्या नोंदी वाचून ती शिकणार, शिवाय सभासदांचे फोनही बघणार: कोण कुठं जातं, कुणाशी बोलतं.

"यंत्राला जात नसते, आजोबा," तो कौतुकानं म्हणाला.

मला चेअरमनांचा कागद आठवला. ज्यांचं दूध दारातूनच परत गेलं, त्यांचं नाव त्या नोंदींत कुठून असणार?

"फोन राहू दे, बाळा. ती लोकांची चूल आहे," मी म्हणालो. "आणि तुझ्या यंत्रात कोण नाही आलं?"

"जे आलेच नाहीत, ते यंत्राला कसे कळणार?"

"मग ऊठ," मी काठी उचलली. "आधी त्यांच्याकडे जाऊ. उंबऱ्याच्या बाहेरूनच विचारू."