शोमरोनी बाईचं भांडं

नव्या करारात एक ग्रीक क्रियापद एकदाच येतं, सिंग्ख्राओमाई. विहिरीवर दमून बसलेला यहुदी येशू यहुद्यांनी हलक्या मानलेल्या शोमरोनी जमातीतल्या एका बाईकडे प्यायला पाणी मागतो. ती चकित होते, आणि तिथंच खुलासा येतो की यहुदी लोक शोमरोन्यांशी 'हे' करत नाहीत. हे म्हणजे काय, एवढाच प्रश्न. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या आम्ही काही जणांनी गावाकडच्या लोकांसाठी सोपं भाषांतर करायला घेतलं होतं. बाकीच्यांनी 'व्यवहार ठेवत नाहीत' असं लिहून टाकलं. मी अडून बसले.

व्यवहार कसा नाही? त्याच गोष्टीत येशूचे शिष्य त्याच शोमरोन्यांच्या गावात खायला विकत आणायला गेलेले आहेत. म्हणजे देणंघेणं चालतं. मग चालत नाही ते काय? ग्रीक शब्द फोडला तर सरळ आहे: सोबत वापरणं. त्या बाईचं भांडं यहुदी माणसाच्या ओठाला चालत नाही. मला यात शंका नव्हती, कारण मी नेकनूरजवळच्या एका खेड्यात, गावकुसाबाहेर वाढले.

आमच्या घराला लागून आक्कांचं शेत. आक्का म्हणजे गावातल्या मोठ्या जमीनदार घरची थोरली सून, आता सत्तरीच्या. आमच्या शेळ्यांच्या लेंड्या त्यांच्या कापसाला, त्यांचा कडबा आमच्या शेळ्यांना. माझी आई गेली तेव्हा माझ्या आधी त्या रडल्या. पण त्यांच्याकडे आमच्यासाठीचा ग्लास गोठ्याच्या वळचणीला खोचलेला असे. अलीकडे सुधारणा झाली आहे, घरच्यांना कपबशी आणि आम्हाला कागदी कप. आमच्या ओसरीवर मात्र त्या तासन्‌तास बसतात आणि पाणी विचारलं की म्हणतात, आत्ताच पिऊन आले. उन्हातून बांध ओलांडून येणाऱ्या बाईला दर वेळी तहान कशी नसते, याचं मला लहानपणापासून हसू येतं आणि रागही.

मंडळीतले थोरले म्हणाले, गावातल्या कुणाला तरी तुमचं वाचून दाखवा, समजतंय का बघा. कुणाला दाखवायचं ते मला ठाऊक होतं. भीतीही वाटली. आईच्या माघारी माझ्यावर माया करणारं गावात दुसरं कुणी नाही, आणि आक्का दुखावल्या तर ओसरी सुनी पडणार होती. पण शब्द बरोबर असेल तर तो आक्कांपुढे टिकायलाच हवा होता.

भर उन्हाळ्यातल्या दुपारी त्या आल्या. मी सगळी गोष्ट वाचली आणि त्या वाक्याशी थांबले: यहुदी लोक शोमरोन्यांच्या भांड्यातून पाणी पीत नाहीत.

आक्कांनी पदरानं मान पुसली. आता उठतील असं मला वाटलं.

"मंग त्यो पाणी पिला का?"

लिहिलेलं नाही, मी सांगितलं. खरंच नाही. बोलणं पुढं भलतीकडे वळतं आणि त्या पाण्याचं काय झालं ते कुणीच सांगत नाही.

"कावून न्हाई लिवलं? खरं तर त्येच हाय."

हे तू मलाच वाचून दाखवायलीस, असं त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलायचं?

"आण पाणी."

मी माठातून ग्लास भरून दिला. त्यांनी तो तोंडापासून वर धरला, वरून ओतून घ्यायला. तसं पिण्याची रीतच आहे, दुसऱ्या कुणाला खटकलं नसतं. मला खटकलं.

"आक्का, तोंड लावून प्या."

त्यांचा हात होता तिथंच थांबला. मी नजर हटवली नाही. शेवटी त्यांनी ग्लास ओठाला लावला, निम्मा संपवला आणि खाली ठेवला.

"आमच्या घरी बोलू नगं," त्या म्हणाल्या.

"न्हाई बोलत. पुस्तकात छापते," मी म्हटलं, आणि ग्लास न विसळता उरलेलं पाणी त्यांच्यादेखत पिऊन टाकलं.