अकोल्याहून रोज एक व्हिजिट

सॉफ्टवेअरमधली चूक दुरुस्त केली की ती कुठेच उरत नाही. तिचा किस्सा मात्र उरतो. आमच्या ऑफिसात असे किस्से इतके साचलेत की दुपारच्या चहाला नवा विषय लागत नाही. पूर्वी मी ते हसत सांगायचो. हल्ली सांगता सांगता मधेच मोबाइल काढून बघतो. अकोल्याला माझा कॉलेजपासूनचा मित्र वसंता एकटा राहतो. हृदयाचं दुखणं आहे आणि फोन उचलायचा कंटाळा. तो ठीक आहे ना, हे कळायची माझी एक युक्ती आहे. तिच्यावर पुढे येतोच.

*

मी भौतिकशास्त्राचा प्राध्यापक होतो. पीएच.डी. वगैरे. निवृत्तीनंतर वेबसाइट बनवायला शिकलो आणि माझाच विद्यार्थी इम्रान याच्या अमरावतीच्या राजापेठेतल्या ऑफिसात बसू लागलो. खाली ट्यूशन क्लास, वर आम्ही तिघं: इम्रान, प्रोग्रामर वैदेही आणि मी. इम्रान मला ठेवून घेतो ते कामासाठी की जुन्या आदरापोटी, हे मी कधी विचारलेलं नाही. उत्तराची भीती वाटते.

सुरुवातीलाच एका कापड दुकानदाराच्या साइटवरचे फोटो बदलले. लगेच त्याचा फोन!

"सर, जुनंच दिसून राहिलं!"

मी समजावलं, "तुमच्या मोबाइलनं जुनं पान साठवून ठेवलंय. रिफ्रेश करा. नाहीच झालं तर साठवलेलं पुसून टाका."

तो म्हणाला, "म्हंजे मी आता साऱ्या अमरावतीले सांगत फिरू का, का आधी मोबाइल पुसा आन् मंग माह्या दुकानात या?"

इतकी वर्षं शिकवलं, पण असा बिनतोड प्रश्न वर्गात कुणी विचारला नव्हता.

*

मग चिखलदऱ्याचं ते हॉटेल. त्याच्या नव्या साइटवरचा बुकिंगचा फॉर्म चालतो का ते पाहायला मी स्वतःच्याच नावानं एक खोली बुक केली. चालला. मी समाधानानं घरी गेलो.

संध्याकाळी मॅनेजरचा फोन. "सर, कुठवर आले? पाणी तापवून ठेवलं, भाकरी थंड होऊन राहिली!"

दुसऱ्या दिवशी इम्रान हसू दाबत म्हणाला, "सर, टेस्टिंग करताना खोटं नाव टाकत जा ना!"

नावाचं काही नाही. माणसं किती, या चौकोनात मी दोन लिहिलं होतं. हात सवयीनं गेला. बायको जाऊन आता बरीच वर्षं झाली.

*

हल्ली वैदेही कोड लिहीतच नाही. यंत्राला सांगते, यंत्र लिहितं, चहा गार व्हायच्या आत. तो कोड तपासायचं काम माझ्याकडे. परवा मी दिवसभर एकेक ओळ वाचत बसलो.

"सर, काय सापडलं?"

"काहीच नाही."

"मग चांगलंच आहे ना!"

"तेच तर," मी म्हणालो.

ती हसली. मी विनोद केला असं तिला वाटलं.

*

आता वसंता. त्यानं जन्मभर अकोल्याच्या कोर्टात वकिली केली. त्या आठवणींची एक साइट मी त्याला करून दिली. ती कोणीही वाचत नाही. फक्त साइट कुणी कुठून उघडली त्या नोंदीत रोज सकाळी अकोल्याहून एक व्हिजिट दिसायची. ती त्याची स्वतःची! ती दिसली की मी चहा ठेवायचो.

एकदा ती दिसली नाही. फोन केला, उचलेना. शेवटी त्याच्या शेजारच्या रशीदभाईंना लावला. ते धावत गेले, दार बडवलं. वसंता तोंडाला साबण लावूनच बाहेर आला आणि त्यांच्याच फोनवरून माझ्यावर ओरडला, "अरे, मी नाहून राहिलो होतो! नेट बंद हाय कालपासून! जिता हाओ मी!"

"एक दिवस चुकला की मला सुधरत नाही रे," मी म्हणालो.

त्यानंतर व्हिजिट एकदाही चुकली नाही.

*

मध्यंतरी कामानिमित्त अकोल्याला गेलो. बसमध्येच मोबाइल पाहिला. व्हिजिट होती. निवांत त्याच्या घरी पोहोचलो, तर दाराला कुलूप.

रशीदभाई बाहेर आले. "वकीलसाहेब तं दवाखान्यात हायेत. आठवडा झाला. तुमाले माईत नाही?"

"पण आज सकाळी त्यानं साइट उघडली!" मी मोबाइल पुढे केला. रशीदभाई त्या कुलपाकडे बघत राहिले. बंद खिडकीतून कॉम्प्युटरची बारीक घरघर ऐकू येत होती.

दवाखान्यात वसंता अर्धा झालेला. मला पाहून म्हणाला, "कावून आला? साइट तं चालू हाय ना?"

"कोण उघडतं ती?"

"कॉम्प्युटर. तुमच्या वैदेहीले फोन केला होता. तिनं बसवून देलं. रोज सकाळी आपोआप उघडते. तुले सुधरत नाही म्हणे!"

"आता मला कळणार कसं, तू की मशीन?"

"एवढा शिकला, आन् हे विचारते?" तो खोकत हसला. "मीबी मोबाइलवर उघडत जाईन. दोन दिसल्या तं एक माह्यी."

"त्यापेक्षा मशीन बंदच करू या."

"राहू दे. मंग एखाद्या दिवशी शून्य दिसन. तुले पाहवते का शून्य?"

मी मशीन राहू दिलं. अमरावतीला आल्यावर वैदेहीला विचारलं, मला का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, "सर, तुम्ही किती शांत झाला होता."

त्यानंतर रोज दोन दिसायच्या.

आज सकाळी एक होती. दुपारच्या चहालाही एकच. इम्रान म्हणाला, "सर, फोन तरी करून पाहा." वैदेही माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "जुनं पान असेल, सर. रिफ्रेश करा."

मी रिफ्रेश केलं.