जावेच्या पोटातली वार

लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मला मूल नव्हतं. धाकटी जाऊ घरात आली आणि दुसऱ्याच वर्षी तिला मुलगा झाला, तोही ऑपरेशननं. शहाद्याकडच्या आमच्या गावात तसं झालेलं ते पहिलंच मूल. बायका तिला बघायला यायच्या आणि मी त्यांच्यासाठी चहा टाकायची.

तिला पुन्हा दिवस गेले. आठव्या महिन्यात लघवीतून रक्त दिसलं, ते तिनं एकट्या मला सांगितलं. "बाई, कोणले सांगू नका. सगळा घाबरी जातीन."

मी गप्प राहिले, पण तिच्या शब्दाखातर नव्हे. हिचंच सगळं सुरळीत का व्हावं, हे मनात होतं. पाचव्या दिवशी ती कापसाच्या ढिगाशी खाली बसली ती उठेना, तेव्हा कुठं मी सासूबाईंना बोलले.

बैलगाडीनं नंदुरबार, तिथून रेल्वेनं शहरातला मोठा दवाखाना. डॉक्टरीणबाई ऑपरेशन करून बाहेर आल्या. म्हणाल्या, "वार, म्हणजे बाळाला पोसणारी नाळेची गादी, आधीच्या ऑपरेशनच्या टाक्यांपाशी रुजली होती. गर्भाशय भेदून लघवीच्या पिशवीत शिरली होती, सुटेना. गर्भाशय काढावं लागलं. लघवीची पिशवी शिवलीय. मुलगी जगलीय."

तिला द्यायला रक्त हवं होतं. जुळलं ते माझ्याच नवऱ्याचं. जेठ, म्हणजे थोरले दीर, म्हणून ज्यांच्यासमोर ती पदर ढळू देत नसे, त्यांचं रक्त तिच्या अंगात गेलं. मला त्याचाही राग आला. आता हिलाही पुन्हा मूल होणार नाही, असं वाटून क्षणभर बरं वाटलं, हेही खरं.

तीन आठवडे तिला लघवीची नळी होती. अंगावर दूध आलंच नाही. चमच्यानं दूध पाजत पोर मीच सांभाळली. एका सकाळी जाऊ उठून बसली.

"मन्ही पोर द्या ना, बाई."

"झोपलीय," मी म्हटलं. पोर टक्क जागी होती.

जावेनं हात पुढे केले ते तसेच ठेवले. शेवटी मी दिली. पोर तिच्याकडे जाताच किंचाळायला लागली, माझ्याकडे येताच थांबली. जावेनं भिंतीकडे तोंड फिरवलं. नऊ वर्षं मी जे गिळत होते, ते त्या दिवशी तिच्या तोंडावर दिसलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही घरी निघालो. गाडीत पोर सगळी वाट तिच्या मांडीवर रडत होती. मी मागितली नाही.